श्वास काचेत सोडायचा नाही

पहाटे पाचला तिचा दिवस सुरू व्हायचा आणि सव्वापाचला तो विस्कटायचा. चहाचं आधण ठेवलं की मुलीच्या गणवेशाचं तुटलेलं बटण दिसायचं. सुई शोधायला कपाट उघडायचं, मग कपाटच आवरायला घ्यायचं. पातेलं करपल्याचा वास आला की चहा आठवायचा. बटण तसंच. हे तिनेच मला सांगितलं, हसत. आपण आधी हसलो की दुसऱ्याला हसायला काही उरत नाही, हे ती लहानपणीच शिकली होती.

आमच्या कारखान्यात प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनत. माझं आयुष्य तिथे गेलं. ती माझ्या शेजारच्या बर्नरवर होती. सगळे तिला भिरभिरी म्हणत आणि तीही त्या हाकेला ओ देई.

हात चांगला होता तिचा. मी कुणाला असं सहज म्हणत नाही. काचेची नळी ज्योतीत धरायची आणि दोन्ही हातांनी एका चालीने फिरवत राहायची. एक हात पुढे गेला की नळी पिळते. थांबला की लोंबते. काच मऊ झाली की काचेला जोडून तोंडात धरलेल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घालायची. भिरभिरीला हे सगळं येत होतं. पण कोणी शिंकलं तरी ती वळून बघायची आणि तेवढ्यात काच लोंबायची. तिचं फुटक्या काचेचं पिंप सगळ्यांच्या आधी भरे.

एक दिवस मालकीणबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मोठी ऑर्डर येतेय. वाफ निववायच्या कंडेन्सरची, आत वेटोळं असलेल्या. नमुन्याचा नग तू कर. बिघडला तर पॅकिंगला जायचं. तिथे कितीही वळून बघ, काही फुटत नाही."

पॅकिंगचा पगार बर्नरच्या निम्मा. आणि त्या पगारात होणार नाही असं एक काम तिच्या डोक्यात होतं. तिच्या सात वर्षांच्या मुलीला शाळेत रोज वर्गाबाहेर उभं करत. भिरभिरीने स्वतःला चाळिशीत डॉक्टरला दाखवलं, तेव्हा कळलं की तिला एडीएचडी आहे. मेंदूची ठेवणच तशी, लक्ष एका जागी टिकत नाही. आळस नव्हे, बेफिकिरी नव्हे. आता मुलीचीही तपासणी करून घ्यायची होती. लहान मुलांची तपासणी बरीच लांबते आणि महागही पडते.

डॉक्टरांनी तिला गोळी दिली होती, ती चालूच होती. त्यासोबत श्वासाचा एक अभ्यास सांगितला होता. स्वस्थ बसायचं. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो बघायचा. बाहेरचा जरा लांबवायचा. मन पळालं की त्याच्यावर ओरडायचं नाही, परत आणायचं.

बर्नर पेटवायच्या आधी ती भट्टीमागे खोकं उपडं घालून बसू लागली. डोळे मिटलेले, हात मांडीवर.

"अंडी उबवतेस का गं?" स्टोअरकीपरने विचारलं.

"हो. पिल्लं निघाली की एक तुम्हाला."

मलाही आधी ते नुसतं बसून राहणं वाटलं. मग एकदा जवळून पाहिलं. भुवया आवळलेल्या, कपाळावर घाम. दोन श्वास झाले की चेहरा कुठेतरी निघून जायचा. मग परत यायचा. पुन्हा जायचा. घाम गाळणारी माणसं मी जन्मभर पाहिली. स्वस्थ बसून घाम गाळणारी ही पहिली. तेव्हापासून ती बसली की मी माझ्या बर्नरजवळचा रेडिओ बंद ठेवू लागलो.

आणि मग तिने आमच्याच धंद्यात होऊ शकेल अशी चूक केली. अभ्यास जमू लागला म्हणून तो तिने बर्नरवर आणला. तोंडात रबरी नळी, समोर मऊ झालेला काचेचा फुगा, आणि हिने डोळे अर्धे मिटून छातीतला लांबलचक श्वास शांतपणे सोडला. फुगा डोक्याएवढा झाला आणि फुटला. कांद्याच्या पापुद्र्यासारखी काच कारखानाभर तरंगत राहिली. स्टोअरकीपरच्या चहातही पडली.

"काका, श्वास तर बरोबर सोडला होता मी."

"बाहेर सोडायचा होता. तू काचेत सोडलास."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग उठली. खूप वेळ ज्योतीकडे बघत राहिली.

"म्हणजे इथे श्वास नाही बघायचा," ती म्हणाली. "इथे काचेची तापलेली कड बघायची. मन पळालं की कडेवर आणायचं. आणणं तेच, जागा वेगळी."

फुंकर गालातून घालतात आणि श्वास नाकाने चालू ठेवतात, हे तिला मी कित्येकदा सांगितलं होतं. तिला ते त्या दिवशी समजलं.

नमुन्याच्या दिवशी ती खोक्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. मग बर्नर पेटवला. मालकीणबाई मागे उभ्या होत्या. वेटोळं बाहेरच्या नळीत सरकवलं, एक टोक जोडलं. दुसऱ्या टोकाचा जोड सगळ्यात अवघड. काच नारिंगी झाली होती, तेवढ्यात मागच्या बाजूला लोखंडी ट्रे पडला. मीही वळलो. मालकीणबाईसुद्धा वळल्या.

मी लगेच पुन्हा भिरभिरीकडे पाहिलं. तिची नजर उठली होती. मन गेलं, हे मला स्पष्ट दिसलं. हात मात्र त्याच चालीने फिरत होते. आणि मग नजर खाली आली, सावकाश, कसलीही घाई नाही, आणि कडेवर टेकली. गालातून एक बारीक फुंकर. जोड बसला.

मी हातांची पुष्कळ कौशल्यं पाहिली आहेत. गेलेलं मन डोळ्यांदेखत परत येताना तेवढं एकदाच पाहिलं. माझ्या बर्नरची ज्योत तशीच जळत राहिली आणि मी हातातलं काम विसरून उभा होतो.

तडा जाऊ नये म्हणून नग रात्रभर भट्टीत हळूहळू निवला. सकाळी मालकीणबाईंनी तो उजेडात धरून फिरवला, वेटोळ्यातून पाणी सोडलं. एक थेंब गळला नाही.

"पॅकिंगला मी दुसरी कुणी बघते," एवढंच म्हणाल्या आणि नग हळूच खाली ठेवला.

ती सबंध ऑर्डर भिरभिरीने केली. काही नग फुटलेही, पण पिंप आता आमच्याएवढंच भरे. त्या पगारातून मुलीची तपासणी झाली. आईसारखंच निघालं. डॉक्टरांचा कागद घेऊन भिरभिरी शाळेत गेली, आणि मुलगी वर्गात, पहिल्या बाकावर बसू लागली.