कानामागचा बिबा

इंझोरीची सोजरबाई कशाला भीत नाही, हे सांगणं सोपं. ती बिब्याला भीत नाही. बाकी साऱ्याला भिते. दवाखान्याला भिते, छापील कागदाला भिते, जीपमधून उतरणाऱ्या कोणत्याही माणसाला भिते. फोनवर अनोळखी नंबर दिसला की फोन पालथा घालून वर उशी ठेवते. गावात लेकरू रडलं तर "काय सोजरबाईसारखं करतं" असं म्हणायची रीतच पडली आहे.

आणि बिब्याला मात्र अख्खा गाव भितो. जंगलातलं ते काळंशार फळ, दिसायला निरुपद्रवी, पण टरफलात असं तेल की अंगाला लागलं तर कातडी भाजून निघते. फोड येतात, तोंड सुजतं. त्याला म्हणायचं बिबा उतणं. त्याच फळाच्या पोटात गोडंबी असते, गोड आणि महागडी. बाळंतिणीच्या लाडवात ती लागतेच. कारंज्याचे जिनदास शेठ ती विकत घेतात, पण बिबा दगडावर ठेवून फोडायचा कोणी? तर सोजरबाईनं आणि तिच्यासारख्या पंधरा-वीस बायांनी.

सोजरबाई सतरा वर्षांची असताना रिठदहून लग्न होऊन इथं आली. चौथ्या दिवशी सासूनं, रुपाबाईनं, तिच्यापुढं दगड ठेवला आणि बिब्यांची पाटी ओतली. दोन दिवसांत नव्या नवरीचं तोंड सुपाएवढं झालं. डोळे मिटले ते तीन दिवस उघडले नाहीत. सासूनं खोबरेल लावलं, तीळ-खोबरं चारलं आणि म्हणाली, "होते सवय." नको म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर आपल्याला नको म्हणता येतं हेच त्या पोरीला ठाऊक नव्हतं. सवय झाली. आज छप्पन्नाव्या वर्षी तिच्या बोटांची कातडी बैलाच्या खांद्यासारखी निबर आहे.

तर अशा या बाईच्या घरी परदेशी पाहुणी उतरणार असं ठरलं.

झालं असं. जिनदास शेठची नात कृतिका एका संस्थेत काम करते. भारत आणि नेपाळ, दोन्हीकडच्या जंगलातला माल गोळा करणाऱ्या बायांनी एकमेकींकडं जावं, शिकावं, यासाठी संस्थेला कुठूनसा निधी मिळाला. पौषात तिकडच्या पाच जणी आठ दिवस इकडं येणार, फाल्गुनात इकडच्या पाच जणी तिकडं जाणार. सारं नीट पार पडलं तर इंझोरीच्या गटाला बिबे फोडायचं यंत्र, म्हणजे हाताला तेल लागायचं काम नाही. एक पाहुणी सोजरबाईकडं, कारण तिच्या घरी फरशी होती आणि संडास नवा होता. बैठकीत सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि तिनं मान हलवली. तिची मान नेहमी होकाराच्याच बाजूनं हलते.

मग आला कागद. सून वैभवीनं वाचून दाखवला, "पाहुणीच्या आरोग्याची जबाबदारी यजमान कुटुंबाची राहील."

"पुना वाच," सोजरबाई म्हणाली.

चार वेळा वाचून झालं.

"जिम्मेदारी मंजे जेल का वं?"

"नाही आत्याबाई, तसं कायचं!"

"तिचं काही कमीजास्त झालं त कोनाले धरतीन? मलेच ना?"

वैभवी हसली आणि सोजरबाईनं सही केली. त्या दिवसापासून तिचं जेवण निम्म्यावर आलं.

पाहुणीचं नाव दिलमाया. सुर्खेतकडच्या डोंगरातली, चाळिशीची, बुटकी, गोरीपान, हसली की डोळे नाहीसे होणारी. ती "दिदी" म्हणून पाया पडायला वाकली तेव्हा सोजरबाई दोन पावलं मागं सरली. इतकं नाजूक माणूस आठ दिवस सांभाळायचं! पाणी उकळून दिलं, भाजीतलं तिखट काढलं, अंगणातला कुत्रा हरीओमच्या, म्हणजे लेकाच्या, शेतावर धाडला. दोघींना हिंदी अर्धी-अर्धी येत होती, पण दोघींचं अर्धं वेगवेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी बाया बिबे फोडायला बसल्या. दिलमाया हातमोजे घालून दहा हात लांब उभी राहिली. सोजरबाईनं कौतुकानं एक बिबा उचलून पुढं धरला. दिलमायाचे डोळे मोठे झाले.

"भलायो! दिदी, भलायो!" ती दोन्ही हात हलवत म्हणाली.

कृतिका तेव्हा फोटो काढत होती. सोजरबाईनं शेजारणीला सांगितलं, "पाय वं, बिब्याले भलाई म्हनते. तिकडंई याची भलाई मायीत हाय."

सगळ्यांना ते पटलं. शेजारधर्म म्हणतात तो हाच, असंही कोणी म्हणालं.

दुपारभर गाव पाहुणी बघायला लोटला. "किती गोरी वं!", "गाल पाय कसे!", "चांदीवानी!" असं जो तो बोलत होता. एवढ्या नजरा, एवढी स्तुती. दीठ लागून काही झालं तर? कागदावर सही कोणाची?

आता आमच्याकडं दिठीवर एकच खात्रीचा उपाय. तान्ह्या लेकराला करतात, नव्या नवरीला करतात. सुई तापवायची, बिब्यात टोचायची आणि कानामागं एक बारीकसा ठिपका. तिसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाईनं दिलमायाला चुलीपुढं बसवलं. सुई काळी होऊन बाहेर आली तेव्हा दिलमायाचं अंग लाकडासारखं ताठ झालं, पण ती बोलली नाही. मान तेवढी खाली घातली.

"भलाई," सोजरबाई मायेनं म्हणाली आणि ठिपका लावला. कागदावर सही केल्यापासून पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता वैभवीची हाक आली. दिलमाया अंथरुणात उठून बसली होती आणि तिला चेहरा नव्हता. कान वांग्याएवढा झालेला, गळा लाल, डोळ्यांच्या जागी दोन फुगे. सोजरबाईनं ते तोंड पाहिलं मात्र आणि ओळखलं. ते तिचं स्वतःचं तोंड होतं, एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं.

तिनं तोंडावर पदर दाबला.

कृतिका गाडी घेऊन धावत आली. दवाखान्यात डॉक्टरांनी एकामागून एक विचारलं. काय खाल्लं? किडा चावला का? कोणती गोळी घेतली?

"बिबा नसेल सर, ती हातमोजे घालून लांब उभी होती, मी स्वतः पाहिलं," कृतिका घाईघाईनं म्हणाली. "काल शेंगदाण्याची भाजी होती. त्याचंच असेल."

सोजरबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. बोलावं तर जेल. बोलावं तर यंत्र गेलं, आणि वीस घरच्या बाया तिच्या नावानं बोटं मोडणार. घरात पोलीस येतील, हरीओमला नेतील. आणि न बोलावं तर? शेंगदाण्याचं म्हणतातच आहेत ना. कानामागचा ठिपका सुजेत बुडाला होता, कोणाला दिसणार नव्हता. देवा, माझ्या तोंडून शब्द काढू नको, असं ती मनात म्हणत होती, आणि असं म्हणणाऱ्या स्वतःचीही तिला भीती वाटत होती.

"कशानं झालं ते कळेना, तोवर मी अंदाजानंच औषध देणार," डॉक्टर म्हणाले. "सूज गळ्यात उतरली तर श्वास अडकेल. गाडी तयार ठेवा, अकोल्याला हलवावं लागेल."

तेवढ्यात खाटेवर दिलमायाचा हात हलला. डोळे मिटलेले, ती चाचपडत होती. हाताला आधी कृतिकाचा हात लागला, तो तिनं सोडून दिला. मग सोजरबाईची निबर बोटं लागली आणि ती तिनं घट्ट धरली. कारण अख्ख्या परमुलखात तिला तेवढाच एक हात न बघता ओळखता येत होता.

"मी लावला, सायेब," सोजरबाई म्हणाली. आवाज इतका बारीक की पुन्हा म्हणावं लागलं. "बिबा. कानामांगं. मीच लावला."

"बिबा? कायले, बाई?"

"दीठ लागू नये म्हनून. मले धरा. पन तिले वाचवा."

तिला कोणी धरलं नाही. डॉक्टरांनी कान उलटा करून पाहिला, "मघाशीच सांगायचं ना," म्हणून खेकसले आणि इंजेक्शन मागवलं. जखम धुतली. संध्याकाळपर्यंत गळ्याची लाली उतरायला लागली. अकोल्याची गाडी रिकामी उभी राहिली. तरी सोजरबाई दोन दिवस त्या खाटेपासून हलली नाही. दारात कोणाचे बूट वाजले की ती उठून उभी राहायची.

गावात बातमी तिच्या आधी पोचली होती. पारावरचे मारोतराव म्हणाले, "लोक घरात बिबा घालतात, आमच्या सोजरीनं दोन देशांत घातला!" कृतिकाला वर अहवाल पाठवायचा होता. तिनं विचारलं, "आजी, काय लिहू? शेंगदाणे लिहिलं तरी चालेल." "झालं ते लिव्ह," सोजरबाई म्हणाली. त्या अहवालाला अजून उत्तर आलेलं नाही.

सहाव्या दिवशी दिलमायाचे डोळे उघडले. ती कृतिकाशी हिंदीत बराच वेळ बोलली आणि कृतिकानं कपाळाला हात लावला.

"आजी, भलायो म्हणजे भलाई नाही. त्यांच्याकडं बिब्यालाच भलायो म्हणतात. झाडाखालून जायलाही लोक भितात. ती तुम्हाला सांगत होती, हे धोक्याचं आहे."

सोजरबाई मटकन खाली बसली.

"मंग सुई आनली तवा बोलली काहून नाही वं, माय? नोको म्हनाचं ना!"

दिलमायानं पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. तिनंही सही केली होती. यजमानाच्या घरच्या रीतींचा मान राखावा, असं त्यात लिहिलं होतं. तो तिनं आपल्या मुलीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला होता. रीत नाकारली तर आपल्या गावाचं नाव संस्थेच्या यादीतून जाईल या भीतीनं ती कान पुढं करून बसली होती.

सोजरबाई त्या कागदाकडं पाहत राहिली. मग तिला रडू फुटलं. ते दिलमायासाठी होतं, आणि दगडापुढं बसवलेल्या त्या सतरा वर्षांच्या पोरीसाठीही होतं. तिच्यासाठी आजवर कोणी रडलं नव्हतं, ती स्वतःसुद्धा नाही.

निघायच्या दिवशी अंगणात बाया जमल्या. ओटी भरून झाली. सोजरबाई आतून डबा घेऊन आली आणि गोडंबीचा लाडू पाहुणीपुढं धरला.

"घे."

दिलमायानं लाडवाकडं पाहिलं, मग सोजरबाईकडं. कानाची कातडी अजून सोलत होती. तिनं मोठा श्वास घेतला.

"नोको, दिदी!"

बाया चपापल्या. निरोपाच्या वेळी पाहुणीनं नको म्हणायचं? सोजरबाईनं मात्र लाडू डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"शाब्बास, माय! मीच शिकवलं तिले. काल दिवसभर घोकून घेतलं."

दिलमाया हसली, डोळे नाहीसे झाले. मग तिनं सोजरबाईकडं बोट केलं. आता तुझी पाळी. फाल्गुनात जायच्या पाच नावांत सोजरबाईचंही होतं. ते तिला कोणी विचारून घातलं नव्हतं.

"पर्दैन," सोजरबाई पुटपुटली. नेपाळीत नकोला तेच म्हणतात.

दिलमायानं सोललेल्या कानामागं हात धरला. ऐकू आलं नाही.

"पर्दैन."

अजून नाही.

"पर्दैन!" सोजरबाई ओरडली, इतकी की पारावर मारोतरावांनी वळून पाहिलं. आपल्याच आवाजाला दचकून तिनं पदर तोंडावर घेतला. मग हळूच तो काढला आणि कोणी काही न विचारता आणखी एकदा म्हणाली.