बाईंच्या साठीचे फ्लेक्स

मणियार बाईंची आणि माझी पहिली ओळख आमच्या लोणीत झाली, एका शेतावरच्या सोलर पंपापाशी. तेव्हा मी दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून घरी बसलो होतो. एका सरांशी वाजलं, तावातावानं बॅग उचलली आणि पुन्हा गेलो नाही, एवढंच त्याचं कारण. बाई जुन्नरहून आपल्या रविवारच्या वर्गातली पोरं-पोरी घेऊन आल्या होत्या. मढची सायली पॅनेलच्या मागे बसून कुठली वायर सैल झाली ते शोधत होती आणि मी बांधावरून तिच्याकडे बघत होतो. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "पावणं, नुसते उभे राहण्यापेक्षा पाना धरा. दोन्ही कामं होतील."

सगळे हसले. मी पाना धरला. पर्यावरणाच्या ओढीनं मी बाईंच्या वर्गात गेलो असं बाईंच्या साठीच्या या गौरवग्रंथात लिहायला बरं वाटलं असतं, पण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं ठाऊक आहे.

बाईंचे यजमान जुन्नरच्या पेठेत बांगड्यांचं दुकान चालवतात. बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यापासून एसटीनं जुन्नर-आंबेगावच्या शाळा फिरू लागल्या. "निसर्ग वाचवा" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. टोमॅटो निघून गेलेल्या रानात त्या मुलांना नेतात आणि वाफ्यांवर अंथरलेल्या मल्चिंगच्या प्लास्टिकचे राहिलेले तुकडे मातीतून उकरायला लावतात. मग विचारतात, "तुमच्या पणजोबांनी टाकलेलं काही सापडतंय का या रानात? नाही ना? हे मात्र तुमच्या पणतवंडांना सापडेल." मोठ्या मुलांना त्या सोलर पंप आणि गोबरगॅस शिकवतात. त्यांचं म्हणणं साधं आहे. डिझेल आज ना उद्या जाणार, त्या जागी जे येईल ते दुरुस्त करणारा गावातलाच हवा.

एकदा आमच्याच गावात एका नानांनी मला टोमणा मारला, "बाई, हे कालिज सोडलेलं पोरगं आमाला शिकवनार व्हय?" माझं डोकं फिरलं, मी अंगावर धावलो. बाईंनी मागून शर्ट धरला आणि नानांना म्हणाल्या, "तुमचं खरं आहे. सोमनाथ, आता पंप उघडून दाखव त्यांना." पंप चालू झाला, नानांनी चहा पाजला. बाईंनी मला कॉलेजबद्दल एक शब्द कधी विचारला नाही. फक्त दुरुस्तीची कामं माझ्याकडे पाठवत राहिल्या.

अशा बाईंच्या साठीला मी काय केलं, ते आता लिहितो. लिहिताना मान वर होत नाही.

सत्कार समितीनं ठरवलं होतं की कार्यक्रम साधा करायचा. मला ते पटलं नाही. आमच्याकडे नुकतं मिसरूड फुटलेल्या पोराच्या वाढदिवसालाही चौकात फ्लेक्स लागतो, मग आमच्या बाईंना नको? कुणाला न विचारता मी फ्लेक्स छापून आणले. मागे हिरवी पृथ्वी, धबधबा, मधोमध बाई, वर 'पर्यावरणाच्या रणरागिणी'. खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत गॉगल लावलेला मी आणि माझ्या शेजारी सायली. तिचा फोटो मी वर्गाच्या ग्रुपवरून उचलला होता.

मढपासून लावत येऊन ओझरच्या फाट्यावर मी शेवटचा फ्लेक्स बांधत होतो, तेवढ्यात एसटी थांबली. बाई उतरल्या, मागोमाग शाळेची मुलं. त्या मुलांना घेऊन जवळच्याच रानात निघाल्या होत्या. मुलं वर बघत उभी राहिली. पाचवीतली एक वेणीवाली पोरगी म्हणाली, "बाई, ह्ये पलास्टिकच हाय ना? तुमीच म्हनला व्हता, ह्ये कुजत न्हाई."

"हो. मीच म्हणाले होते."

"मंग तुमीच लावलं?"

मी दोरी हातात धरून शिडीवर होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "माझा चेहरा आहे म्हणजे माझंच म्हणायचं, बाळा."

मागून एक पोरगा हळूच म्हणाला, "मोठी मानसं आपल्यालाच शिकवत्यात राव." बाईंनी ते ऐकलं. रोज ज्या मुलांपुढे त्या उभ्या राहतात, त्यांच्यापुढे माझ्यामुळे त्या खोट्या पडल्या आणि माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

मुलं पुढे गेल्यावर मी संतापानं फ्लेक्स ओढून खाली पाडला आणि खिशातून काडेपेटी काढली. बाई मागे वळल्या. "आता जाळतोस? तो धूर कुणाच्या नाकात जाणार?" काडेपेटी त्यांनी आपल्या पिशवीत टाकली. "सोमनाथ, मी सत्काराला येणार नाही. पुढच्या वेळी या पोरांपुढे काय सांगू, ते आधी मला कळू दे."

त्याच संध्याकाळी सायलीचा फोन आला. "माझा फोटो लावायला मला विचारलंस? अख्खं मढ आमच्या आण्णांना विचारतंय, पोरीचं ठरलं का म्हणून." मी म्हणालो, "चुकलं." ती म्हणाली, "मला काय सांगतोस? आण्णांना सांग." आणि फोन ठेवला.

सगळे फ्लेक्स मी उतरवले. मढला जाऊन आण्णांपुढे उभा राहिलो. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं नाही. मग त्या मुलांच्या शाळेत गेलो आणि पाचवीच्या वर्गात सांगितलं की तो फ्लेक्स बाईंचा नव्हता, मी लावला होता, बाईंना ठाऊकही नव्हतं. एकानं विचारलं, "गॉगलवाला तूच का?" वर्ग खदखदून हसला. वेणीवाली मात्र हसली नाही. "मंग बाई खोटं का बोलल्या?"

जुन्नरला जाऊन मी तो प्रश्न बाईंना जसाच्या तसा सांगितला. त्या दुकानात बांगड्या पुसत होत्या. हातातली बांगडी खाली ठेवून म्हणाल्या, "बरोबर विचारलं तिनं. तुला वाचवायला गेले आणि पोरांना चुकीचं शिकवलं. सत्काराला येते मी. पण शाल-श्रीफळाच्या आधी त्या पोरीला स्टेजवर येऊन हे विचारू द्या. उत्तर मी सर्वांसमोर देईन."

म्हणजे चूक माझी, आणि साठाव्या वर्षी, स्वतःच्या सत्कारात, पाचवीतल्या मुलीला जाब देणार बाई. समितीतल्या काहींना हे बरं दिसणार नाही असं वाटतं. बाई ऐकत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत पहिलं नाव त्या मुलीचं आहे.

बाई, तुमचे गुडघे धड राहोत, एसटीत तुम्हाला खिडकीची जागा मिळत राहो आणि आणखी पुष्कळ वर्षं पोरं तुम्हाला असेच अडचणीचे प्रश्न विचारत राहोत. तुम्ही उत्तर द्याल तेव्हा मी पहिल्या रांगेत बसणार आहे. मान खाली असेल, पण उठून जाणार नाही.