केरबाची तहान

नदीत गळ टाकून बसलेला माणूस तहानेनं जाईल, असं कुणी सांगितलं तर आपण हसू. केरबाच्या बाबतीत सगळं गाव हसलं. मीही हसले असते, पण शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात मी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर बसून होते आणि त्याच्या बायकोचं, सुलाबाईचं, तोंड मला रोज दिसत होतं.

आमचं गाव भिलवडीच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. मी तिथल्या शाळेत बाई. नदीच्या वाळवंटात आमच्या घरची कलिंगडांची वाडी असायची आणि सुट्टीत ती राखायचं काम माझ्याकडे. शाळेच्या बाईनं वाळूत बसून कलिंगडं राखावीत हे गावातल्या काही शहाण्यांना रुचत नसे. त्यांना मी कलिंगड विकत नसे.

वाडीच्या खाली, पाण्यावर वाकलेल्या करंजापाशी केरबाची जागा. करंज आपला नावाला. ऊन वर आलं की सावली मागच्या दरडीवर चढायची आणि केरबा उघडा पडायचा. तो हलायचा नाही. हातात वेळूची काठी, काठीला तंगुसाची दोरी, दोरीला मोरपिसाच्या दांड्याचा पांढरा तुकडा बांधलेला. मासा ओढ देईल तेव्हा तो तुकडा बुडायचा. बुडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचं, एवढाच त्याचा दिवस. मासे मिळायचे ते चार-दोन, बोटाएवढे. घर चालायचं सुलाबाईच्या म्हशींवर. केरबा नदीवर यायचा तो मुळात नदीसाठी.

तो आटपाडीकडचा. तरणा असताना उसाच्या वाहतुकीला दुसऱ्याची बैलगाडी घेऊन इकडे आला आणि त्यानं कृष्णा पाहिली. "बाई, पयल्यांदा बगितली तवा मला वाटलं, कुनाचं तरी सांडलंय," तो मला सांगायचा. "आता कोन तरी वरडंल, म्हनून मी तितंच हुबा ऱ्हायलो." कुणी ओरडलं नाही. गाडी आणि बैलं मालकाकडे गेली, केरबा इथंच राहिला. सुलाबाईच्या वडलांना मुलगा नव्हता. त्यांनी त्याला घरजावई करून घेतलं. गावातली पोरं नदीत डुंबत मोठी होतात. हा मात्र कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नाही. देवळात बसावं तसा काठावर बसायचा.

आणि गळ पाण्यात असेपर्यंत तो पाण्याचा घोट घ्यायचा नाही.

हे त्यानं गावाकडून आणलं होतं. तिकडे उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी जेमतेम झरा उरायचा. एकानं खाली उतरून वाटीवाटीनं घागरी भरायच्या आणि वर द्यायच्या. लहानपणी केरबा उतरायचा. खाली असताना त्यानं प्यायचं नाही, अशी आईची ताकीद. सगळ्यांचं झालं की वर यायचं आणि आई देईल तेवढं प्यायचं. पाण्यापुढं दोनदा हात पसरला तर पाणी रुसतं, असं ती म्हणायची.

"नदीकडं एका वक्ताला एकच मागावं, बाई," केरबा म्हणायचा. "मासा मागितलाय. आता पानी कसं मागू? हावरटपना हुतो त्यो."

"घरून आणलेलं तरी पी."

"ते बी तिचंच की."

मी त्याला घाम, मीठ, रक्त असं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. साहेब तपासणीला आले की मीही तशीच मान डोलावते, त्यामुळे मला काय ते कळलं.

आदल्या वर्षीच्या मे महिन्यात तो काठीसकट वाळूत आडवा झाला होता. जीभ सुकलेली, अंग तापलेलं, घाम बंद. बैलगाडीत घालून नेला, सलाईन लावली, वाचला. डॉक्टरांनी सुलाबाईला बाहेर बोलावून सांगितलं, की पुन्हा असं झालं तर माणूस परत मिळेलच असं नाही. गाव म्हणालं, काखेत कळसा नि गावाला वळसा. सुलाबाई नदीकाठची, हवं तेव्हा ओंजळ भरून पिणारी. तिला भांडता आलं असतं, पण नवऱ्याच्या मेलेल्या आईशी कसं भांडायचं?

मग तिनं वेगळीच वाट काढली. त्या उन्हाळ्यात एका दुपारी ती माझ्याकडून कलिंगड घेऊन गेली, केरबापुढं फोडून ठेवलं आणि विचारलं, "आवं, हे खायाचं का प्यायाचं?"

केरबानं एक फोड उचलून उलटसुलट करून पाहिली. त्याच्यासारख्या सरळ माणसाला असा प्रश्न जड जातो.

"खायाचं," तो शेवटी म्हणाला.

"मग खावा. कुनाचा नेम मोडत न्हाई."

तेव्हापासून ती त्याला पाणी खाऊ घालू लागली. वाडीतल्या काकड्या, मीठ लावून. दह्यात कालवलेला भात. आंबील इतकी घट्ट, की बोटांनी खावी लागे. कलिंगड तर रोजच. पैसे मी घेत नव्हते आणि ती त्याबद्दल रोज माझ्याशी वाद घालायची. टॉवेल भिजवून ती त्याच्या डोक्यावर टाकायची. तो हूं की चूं करायचा नाही, लाल फोडीत तोंड बुडवायचा आणि डोळे तेवढे मोरपिसावर ठेवायचा. मला ती दोघं फार आवडायची. उगाच आडवळणानं कशाला सांगू.

त्या दुपारी आठवल्या की अजून डोळे जड होतात. वाळू पांढरी पडायची. पलीकडचा काठ जमिनीवरून सुटून हवेत उभा राहायचा आणि त्याच्यावरची बाभळीची झाडं संथ हलायची. आवाज असे मिटायचे, की कलिंगडाच्या वेलीवरचं पान वाळताना ऐकू येईल. अशा वेळी केरबा बोलायचा, कुणाशी ते नक्की नाही. पाण्याखाली त्याला त्याचं गाव दिसायचं. विहीर, तिच्या काठावर वाकलेली आई. "काटोकाट भरलीया हीर," तो म्हणायचा, "आन् आय अजून वाटीच सोडतीया." सुलाबाई त्याच्या पाठीवर ओला हात ठेवायची. मला झोप लागायची, जाग यायची, आणि ती दोघं तशीच असायची.

मग एका पहाटे वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि वाळवंट बुडालं. कलिंगडं वेलीसकट वाहून गेली. काही नुसतीच तरंगत होती, हिरवी, गोल, घाई नसल्यासारखी. वर्षाची मेहनत चालली होती, तरी मी बघत राहिले, कारण ते दृश्य सुंदर होतं. काकड्याही गेल्या. त्याच सुमाराला सुलाबाईच्या म्हशी आटल्या, दही संपलं. आंबिलीपुरतंही ताक घरात उरलं नाही.

केरबा करंजापाशी, वर चढलेल्या पाण्याच्या कडेला आला आणि त्यानं गळ टाकला. आभाळ तापलेलं, वारा पडलेला. सुलाबाई आली ती पाण्याचं मडकं घेऊन. तिनं ते दोघांच्या मध्ये ठेवलं. त्यानं मान हलवली. ती त्याच्या शेजारी उन्हात बसली.

मी दरडीवर होते, बुडालेल्या वाडीकडे तोंड करून. ऊन डोक्यावर आलं तरी सुलाबाई उठली नाही. मी खाली गेले. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"सुलाबाई, तू तरी पी," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, अगदी केरबासारखी. तेव्हा केरबानं पहिल्यांदा मोरपिसावरची नजर काढली.

"पी की गं," तो म्हणाला. "तुजा काय गळ हाय पान्यात?"

"मी बी मागितलंय तिच्याकडं," सुलाबाई म्हणाली. आवाज कोरडा येत होता. "एका वक्ताला एकच मागायचं ना? मग पानी कसं मागू?"

"काय मागितलंयस?"

"तुमाला."

केरबा तिच्याकडे बघत राहिला. त्याच वेळी मोरपीस बुडालं. काठी अशी वाकली, की असा मासा त्याला उभ्या जन्मात लागला नसेल. मी बोट दाखवलं. त्यानं ते पाहिलं आणि हातातली काठी सोडून दिली. ती पाण्यावरून सरकत, मध्येच उभी होत, प्रवाहाकडे निघून गेली.

त्यानं मडकं उचलून सुलाबाईच्या तोंडाला लावलं. तिनं ओठ मिटून घेतले.

"तुमी आदी."

तो प्यायला. गळ्याची घाटी वरखाली होत राहिली, पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं, तरी थांबला नाही. मग ती प्यायली. दोघांनी मिळून मडकं रिकामं केलं.

सुलाबाईला आणखी हवं होतं. केरबा उठला, धोतर न खोचता पाण्यात शिरला, कमरेपर्यंत गेला आणि त्यानं मडकं नदीत बुडवलं.