आधी बापाच्या डोळ्यात

लेकराला कुठलंही औषध द्यायचं तर आधी बापाने चाखायचं, ही माझ्या आईने घरात घालून दिलेली रीत. त्यापायी जंताचं औषधही मी गोड मानून घेतलं आहे.

यंदा अकरा वर्षांच्या लेकीचा चष्म्याचा नंबर भराभर वाढायला लागला. मलकापूरच्या डॉक्टरांनी नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या, डोळ्यात घालायच्या लेन्स मागवून दिल्या, वर सरावाला एक साधी जोडीही दिली. पण लेक डोळ्याजवळ बोटच नेईना. "मले भेव लागते, बाबा."

मग रीतीप्रमाणे सरावाची लेन्स आधी मी घातली. घातली आणि ती नाहीशी झाली. आरशात दिसेना, बोटाला लागेना.

"डोक्यात गेली!" मी ओरडलो.

बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "जाऊ द्या. तिथं जागा रिकामीच हाये."

शेजारचे चाचा कापसाचे व्यापारी. बोंडातली अळी शोधावी तशी बॅटरी मारून त्यांनी डोळा तपासला आणि जाहीर केलं, "कुछ नहीं है."

शेवटी लेकीनेच साबणाने हात धुतले, कोरडे केले. "खाली पाहा, बाबा. हालू नका." पापणीखाली सरकलेली लेन्स तिने चिमटीत धरून अलगद काढली. मग पुन्हा हात धुऊन आरशापुढे गेली आणि स्वतःच्या दोन्ही लेन्स घातल्या.

"दुखलं का?" मी विचारलं.

"नाई. तुमी उगाच बोंबलले."

आता रोज सकाळी लेन्स घालताना ती मला दाराबाहेर उभं करते.