शिवलेला पेपर

आमच्या संग्रामपूरच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाई, पुस्तक उशिरा आणणाऱ्याचं "आरोपी हजर!" म्हणून स्वागत करतात. आम्ही म्हातारे तिथे पेपरची पानं सुटी करून वाटून घ्यायचो. एक स्वमग्न मुलगी रोज यायची आणि पान कमी दिसलं की किंचाळायची. लोक आता आम्हाला मोठ्या मनाचे समजतात, म्हणून सांगतो: "इले घरीच ठेव," असं तिच्या आईला सुनावणारा मीच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सुईदोऱ्यानं अख्खा पेपर शिवून टाकला.

"पाळीपाळीनं वाचा, आजोबा. मराची घाई हाये काय?"

काल बाई पेपर शिवायला विसरल्या. मुलगीही आली नव्हती. तरी कोणी पान सुटं केलं नाही.

"काऊन हो, आजोबा?"

"आली तं?" मी म्हणालो.