सरकीसकट कापूस

माझ्या लग्नात आई मांडवात यायला तयार नव्हती. आदल्या वर्षी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात कॅन्सरपायी तिची एक छाती काढली होती. तेव्हापासून ती वडनेरच्या घराबाहेर पडली नव्हती. कन्यादानाला काका-काकूंना बसवा, मी आपली चुलीपाशी बरी, असं तिनं वडिलांना सांगून टाकलं. मी चिडले. तू नाहीस तर मला लग्नच नको, म्हणाले. आई ढिम्म.

काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ, गावातल्या निम्म्या बायकांच्या चोळ्या शिवायची. तिनं समजावलं-बिमजावलं काही नाही. आईच्या चोळीला आतून खिसा लावला आणि त्यात पिंजलेला कापूस भरला. आई दोन पावलं चालली नाही तोच तो सरकून गळ्याशी आला. काकूला हसू आवरेना. मग आईही हसली, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. काकूनं ओसरीवरच्या ढिगातला सरकीसकट कापूस भरला. सरकीच्या वजनानं तो जागचा हलेना. आईनं आरशात पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं आणि कोणतं लुगडं नेसू, असं मलाच विचारलं.

हळदीला ती बायकांत येऊन बसली. एकीनं मायेनंच विचारलं, एवढं होईस्तोवर कळलं कसं नाही? असलं चारचौघींत बोलायची तेव्हा रीत नव्हती. आई बोलली.

“कळलं होतं ना. पण गाठ दुखत नव्हती, अन् मले लाज वाटे. म्हून म्या वरिसभर कोणाले सांगतलं नाही. डाक्टर म्हने, न दुखणारी गाठबी लवकर दाखवा लागते. तुम्ही लपवू नका, बाई हो.”

गाणी थांबली. आत्यानं डोळे वटारले. आईनं हळदीची वाटी पुढे सरकवली.

बायका पांगल्यावर काकू आत आली. आईचा हात धरून तिनं आपल्या काखेजवळ नेला.

“बाई, मलेबी हाये.”

इतके दिवस ती आईचं माप घेत होती, शिवत होती, हसत होती आणि ही भीती एकटीच पोटात ठेवून होती. मला रडूच फुटलं.

आई मांडवात आली, कन्यादानाला बसली. माझी पाठवणी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसनं ती काकूला घेऊन बुलढाण्याला गेली. पुढं मुंबईलाही तीच घेऊन गेली. कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, रात्री कुठं टेकायचं, सगळं तिला ठाऊक होतं. गाठ लहान होती. वेळेवर निघाली.

आई त्यानंतर फार वर्षं जगली नाही. काकूनं तिला न्हाऊ-माखू घातलं, शेवटपर्यंत तिच्यासोबत एका ताटात जेवली. आईच्या मागं माझी दोन्ही बाळंतपणं वडनेरलाच झाली. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, सगळं काकूनं केलं. आई गेली तरी माझं माहेर गेलं नाही. त्या हळदीत तोंड उघडून ते तिनंच माझ्यासाठी राखलं होतं.