बाईंची आजी पुरी झाली तो शनिवार

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात माझा आठवडा गाड्यांच्या पार्ट्सची क्वालिटी तपासण्यात जातो आणि शनिवारची सकाळ मातीत. शनिवारचं मी कुणाला सांगत नव्हते. इथल्या मराठी मंडळातल्या काकूंना ‘योगा क्लास’ म्हणून ठोकून दिलं होतं. मातीचं नाव काढलं की पुढचे प्रश्न येणार, आणि वडील काय करतात याला मी कायम ‘बिझनेस’ म्हणत आले होते. आम्ही कुंभार. वर्ध्याजवळच्या गावात बाबांनी माठ-रांजण घडवून मला इंजिनिअर केलं आणि बजावलं, "तुझ्या हाताची माती सुटली पाहिजे." ती सुटल्याचं सोंग मी छान वठवत होते.

आमच्या बाई, म्हणजे माझ्या शनिवारच्या शिक्षिका, कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटावर जन्मल्या. विशीच्या आत अमेरिकेत आल्या, पुढं कित्येक वर्षं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घातल्या आणि उरल्या वेळात शिल्पकार झाल्या. त्या मातीच्या बाया घडवतात, माणसाएवढ्या उंच, आतून पोकळ. चाक नाही, साचा नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, मग आतून गुळगुळीत गोटा टेकवायचा आणि बाहेरून लाकडी फळीनं थापटत भिंत पातळ करायची. बेटावर त्यांची आजी अशीच भांडी करायची. लोक तिला चिखलातली बाई म्हणून हिणवायचे. पहिल्याच दिवशी बाईंनी हे सगळ्या वर्गासमोर ताठ मानेनं सांगितलं. खरं सांगते, मला त्यांचा रागच आला. एवढं सोपं असतं का, म्हटलं.

त्याच दिवशी मी माती मळत असताना त्या माझ्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. "कुणी शिकवलं?"

"यूट्यूब," मी म्हणाले.

"बरं," म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी परत विचारलं नाही. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या वर्षी त्यांनी आजीचीच मूर्ती करायला घेतली. "तिचा एकही फोटो नाही," त्या म्हणाल्या. "मी विसरायच्या आत ही झाली पाहिजे." आणि मूर्ती खांद्यापर्यंत आली तेव्हा नेमका बाईंचाच खांदा धरला. त्या शनिवारी त्यांचा उजवा हात वर जाईना. आजीचे खांदे आदल्या दिवशी चढवलेले होते. माती थापटण्याजोगी होती, पण तेवढा एकच दिवस. भिंत तशीच जाड राहिली तर भट्टीत फुटणार. बाईंनी वर्गावर नजर फिरवली आणि फळी माझ्यासमोर ठेवली.

"यूट्यूबनं हेही शिकवलं असेल ना?"

मला येत होतं, पण अर्धवट. सोळाव्या वर्षी घर सोडलेल्या मुलीला येईल तेवढंच. चार ठोके मारले आणि भिंत आत दबली. बाईंची आजी माझ्या हातून जाणार, असं वाटलं. मग मी फोन काढला. तिकडे संध्याकाळ होती.

"बाबा, मातीची भिंत थापटतेय, आत दबतेय. काय करू?"

आता झापणार, मला वाटलं. यातून मला बाहेर काढायला त्यांनी आयुष्य घातलं होतं. झापलं असतं तरी त्यांचं चुकलं नसतं.

"कशाची भिंत?"

"मूर्तीची. माझ्या बाईंच्या आजीची. बाईंचा खांदा गेलाय."

"फोन जवळ ठेव. मार."

मी मारलं.

"गोटा मागं राहून राहिला तुझा. आधी टेकव, मग मार. हां. आता हलक्या हातानं. थांब, तिथं पातळ झाली. पुढं सरक."

नुसत्या आवाजावरून सांगत होते. बाईंना मराठीचं अक्षर कळत नाही, पण बाबा ‘थांब’ म्हणायच्या आत मला थांबवायला बाईंचा डावा हात वर गेलेला असायचा. शेजारच्या टेबलावरच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, फोनवर कोण आहेत?

"माझे वडील," मी म्हणाले. "ते कुंभार आहेत."

अमेरिकेत हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. ती विद्यार्थिनी आपला कॉफीचा मग रंगवत राहिली.

दुपारपर्यंत दोन्ही खांदे झाले. बाईंनी आधीच वेगळं घडवून ठेवलेलं डोकं मी वर बसवलं आणि आजी पुरी झाली. बाईंनी डाव्या हातानं, वेडंवाकडं, मूर्तीच्या पाठीवर आपलं नाव कोरलं आणि काडी माझ्या हातात दिली.

"वडिलांचं नाव लिही. तुमच्या लिपीत."

आमच्याकडे मडक्यावर नाव कोण घालतं? लोक वाजवून बघतात आणि घेऊन जातात. मी काडी धरून तशीच उभी राहिले.

"थांबली का?" फोनवरून बाबा.

"बाई मूर्तीवर तुमचं नाव लिहायला सांगतायत."

"खोल कोरू नको," ते म्हणाले. "भिंत पातळ आहे तिथं."